खिंडीतली शिट्टी

आमच्या डोंगरावर लोक हौसेनं पळायला येणार आहेत हे ऐकलं तेव्हा मी इतकी हसले की चहा बशीत सांडला. सांगणारे जालन्याचे एक डॉक्टर होते, हाडांचे. दोन हजार सालानंतरची गोष्ट. तेव्हा शहरात कुणी पहाटे अर्धी चड्डी घालून पळायला लागलं की कुत्री आणि माणसं दोघंही थांबून बघायची. डॉक्टर त्याच्याही पुढं गेले होते. ते भूमध्य समुद्रातल्या कुठल्याशा बेटावर जाऊन, तिथल्या डोंगरातून पळून आले होते. त्याचा अल्बमच घेऊन आले. बेट राखीव होतं म्हणे. तिथं फांदी मोडायची नाही, दगड उचलायचा नाही, आखलेली पायवाट सोडायची नाही. हे सांगताना त्यांचा आवाज देवळात बोलावा तसा बारीक झाला. मी फोटो बघितले. उघडा खडक, गुडघ्याएवढी काटेरी झुडपं, वाऱ्यानं वाकडी झालेली झाडं आणि एका कोपऱ्यात चार शेळ्या. समुद्रावर हात ठेवून झाकला तर आमचाच डोंगर. एवढ्यासाठी हा गृहस्थ विमानानं गेला होता.

आता तसंच पळणं त्यांना आपल्याकडं सुरू करायचं होतं. भोकरदन तालुक्यातला आमच्या गावचा डोंगर त्यांनी हेरला, परवानगी काढली, आणि मी त्या गावची लेक, शिवाय शिक्षिका, म्हणून मला प्रमुख पाहुणी करून टाकलं. ‘धावणे आणि निसर्ग’ या विषयावर मी दोन शब्द बोलायचे होते. मी लगेच हो म्हणाले. त्या डोंगरावर पळण्याबद्दल बोलायचा माझ्याइतका हक्क जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला नव्हता. मी तिथं तीन वर्षं रोज पळाले होते, आणि तेही शिट्टी फुंकणारा माणूस मागं लागलेला असताना. डॉक्टरांच्या मागं बेटावर कोण लागलं होतं?

ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. आठवीपासूनचं हायस्कूल डोंगरापलीकडच्या गावात. खिंडीतून पायवाटेनं गेलं तर तासाभरात पोचायचं. सडकेनं जायचं तर अख्ख्या डोंगराला वळसा, मध्ये दोन नाले, आणि सकाळी निघालेली पोर मधल्या सुट्टीला शाळेत. म्हणून सगळे खिंडीतून जायचे. मी सहावीत होते तेव्हा तो डोंगर बंद झाला. कागदावर तो आधीपासून राखीव होता म्हणे, पण कागद डोंगरावर कधी आला नव्हता. त्या वर्षी तो आला. चर खणले, काटेरी तार ओढली, चराईबंदीची पाटी लावली आणि एक गार्ड नेमला. गावाला कुणी विचारलं नाही. माझ्या आजीनं जिथं जन्मभर गवत कापलं, तिथं मी विळा घेऊन चढले की चोर!

गार्ड बाहेरगावचा होता. खाकी कपडे, वेळूची काठी, गळ्यात शिट्टी, आणि पोट असं की पळताना माणसाच्या आधी तेच पोचायचं. आम्ही पोरीपोरं सरपणाला आणि गवताला जायचो, तो मागं लागायचा. कुणी याला लपाछपी समजू नये. सापडलं की विळा जप्त, भारा जप्त आणि बापाला चारचौघांत बोलणी. त्यामुळं आमच्या गावातल्या पोरांना खाकी रंग दिसला की डोकं काही विचारायच्या आधी पाय निघायचे. तारेत कुठं भगदाड आहे, चर कुठं अरुंद आहे, कुठल्या सीताफळाच्या झुडपात किती जण मावतात, हे आम्हाला पाढ्यांपेक्षा पक्कं पाठ होतं. पळताना हातातून पडलेला माझा विळा त्यानं एकदा घेतलाच. मीही काय कमी नव्हते. चार दिवसांनी तो ओढ्यावर तोंड धूत बसला होता, तर दगडावर ठेवलेली त्याची टोपी मी उचलून आणली. मायनं ती बघितली आणि मला दोन धपाटे घातले. मग टोपी फेकायला उकिरड्यापर्यंत गेली, तिथं तिनं ती उलटसुलट करून बघितली, आणि परत घेऊन आली. कापड मजबूत होतं. पुढं कित्येक वर्षं आमच्या घरातली अंडी त्या सरकारी टोपीत राहिली.

मी सातवीत गेले तसं बाबांनी सांगून टाकलं. खिंडीची वाट उघडी झाली तर आठवीला जा, नाहीतर सातवी काय कमी झाली? बाबा वाईट नव्हते, त्यांचा हिशेब साधा होता. सडकेनं जाणाऱ्या पोरीचा दिवस जाण्यायेण्यातच संपणार, मग घरातलं कोण करणार? माझ्या पुढच्या वर्गातल्या दोन पोरींची शाळा डोंगर बंद झाला त्याच वर्षी सुटली होती. मी रात्रंदिवस त्या खिंडीचा विचार करायला लागले. मला शिकायचं होतं. कशासाठी ते कळत नव्हतं, पण शेणाच्या पाटीपेक्षा दप्तर हलकं असतं एवढं डोक्यात पक्कं बसलेलं होतं.

आमचे हेडमास्तर गुरुजी भयंकर आशावादी माणूस. आशावादी माणसाच्या हातात अर्ज लिहायची ताकद असली की आजूबाजूच्यांनी जपून राहावं. गुरुजींनी युक्ती काढली. आजूबाजूच्या शाळांची डोंगरातून धावण्याची शर्यत ठेवायची, तीही त्या बंद पायवाटेवरून, आणि प्रमुख पाहुणे म्हणून बोलवायचं खुद्द जंगलखात्याच्या साहेबांना. साहेबांनी नारळ आणि हाराच्या ओढीनं होकार दिला. गुरुजींनी मग हळूच विषय काढला, की ही वाट तेवढी पोरांना शाळेसाठी उघडी ठेवा. साहेब म्हणाले, पोरं शिस्तीत पळाली, वाट सोडून एक पाऊल पडलं नाही, तर बघू. गुरुजींना ते ‘बघू’ म्हणजे ‘दिली’ असंच ऐकू आलं. पंधरा दिवस आमच्याकडून तयारी करून घेतली. वाट सोडायची नाही, पानाला हात लावायचा नाही, चुन्याच्या रेघेवरून जायचं, खिंडीत एक माणूस उभा असेल तो मनगटाला फीत बांधेल, फीत घेऊन माघारी फिरायचं. तो माणूस कोण हे गुरुजींनी सांगितलं नाही. त्यांनाही माहीत नव्हतं. साहेबांनी आदल्या दिवशी परस्पर ठरवलं होतं, की तिथं खात्याचाच माणूस उभा राहील.

शर्यतीच्या दिवशी शाळेपुढं मांडव, लेझीमचं पथक, खुर्चीवर साहेब. तालुक्याच्या शाळेची पोरं पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांत आलेली, आमच्याकडं बघून हसत होती. आमच्यात एकाच्याच पायात बूट होते आणि ते त्याच्या चुलत्याचे होते. पोरी जेमतेम चार, म्हणून आम्हाला पोरांबरोबरच सोडलं. चढ सुरू झाला तशी बुटातली पोरं धापा टाकायला लागली. आम्ही आमच्या गावचे सगळे पुढं. काय शिस्त होती आमची त्या दिवशी! पिकलेली बोरं दिसत होती, पण कुणी हात लावला नाही. मी तिसरी होते, फ्रॉकला कुसळं टोचत होती, आणि मनात आठवीची नवी पुस्तकं दिसत होती.

खिंडीच्या वळणावर आलो आणि समोर खाकी. हातात काठी, तोंडात शिट्टी. त्यानं ती फुंकली. आमचं स्वागत म्हणून फुंकली असेल, पण तेवढा विचार कोण करणार? माझ्या पुढचा पोरगा सरळ सीताफळात घुसला. दुसरा चरात उतरला. मी वळले ते वाट सोडून गावाकडच्या उताराला लागले. पंधरा दिवसांची तयारी एका शिट्टीत गेली. बरं, आम्ही पळालो ते पळालो, गार्डनं तरी जागेवर थांबावं की नाही? साहेबांनी त्याला फिती बांधायला उभं केलं होतं. पण पोरं पळताना दिसली की त्याचेही पाय निघायचे. त्यानं फिती टाकल्या आणि धावला, आणि एवढ्या पोरांतून नेमका माझ्या मागं. टोपीचा राग असणार.

मागून तालुक्याची पोरं खिंडीत पोचली, तर तिथं फिती पडलेल्या आणि माणूस नाही. माघारी फिरायचं कुठून ते त्यांना कुणी सांगेना. ती बिचारी सरळ पळत राहिली आणि डोंगराच्या पलीकडं उतरली. संध्याकाळी ती एका शेतात भुईमुगाच्या शेंगा खाताना सापडली. त्यांच्या मास्तरांना तोवर घाम फुटला होता.

मी ओघळीतून, झुडपातून, माझ्या नेहमीच्या चोरवाटांनी खाली आले आणि मांडवाच्या मागच्या तारेतून बाहेर निघाले. पहिला धावक दिसला की वाजवायचं असं लेझीमवाल्यांना सांगून ठेवलं होतं. त्यांनी ढोल सुरू केला. लोक टाळ्या वाजवायला लागले. आणि अगदी चुन्याच्या शेवटच्या रेघेवर, साहेबांच्या पुढ्यात, गार्डनं माझी वेणी धरली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला सापडले ती अशी.

“साहेब, धरली!” तो धापा टाकत म्हणाला. “वरीस झालं हिच्या मागं हाय.”

साहेब आधी हसले. मग त्यांनी विचारलं, ही आली कुठून? तेवढ्यात बाकीची आमची पोरं एकेक करून बाहेर यायला लागली. एक विहिरीमागच्या भगदाडातून, एक बाभळीखालून, एक चक्क चराईबंदीच्या पाटीखालून. साहेब उठून एकेक जागा बघत फिरले. गावानं वर्षभर जीवापाड जपलेल्या सगळ्या वाटा आम्ही त्यांना अर्ध्या तासात दाखवून दिल्या. शर्यतीत नंबर कुणालाच दिला नाही. शाल आणि नारळ गार्डला मिळाला, दक्षतेबद्दल. गुरुजींना स्वतःच्या हातानं ती शाल घालावी लागली. नंतर गुरुजी एकटेच मांडवाच्या दोऱ्या सोडत बसले. ते मला रागावले असते तर बरं झालं असतं, मला इतकं रडू आलं होतं.

आठवड्यात सगळी भगदाडं बुजली. बाबा म्हणाले, झालं, आता शाळेचं नाव काढू नको. पण माझी माय एरवी गप्प असणारी बाई, ती भाकरी थापता थापता म्हणाली की पोरीला एवढं पळता येतं, तर पळू द्या की. दोन दिवस घरात धुसफूस झाली. शेवटी बाबांनी अट घातली.

“गार्डानं आणखी एकदा धरली,” ते म्हणाले, “तर त्याच दिवशी दप्तर चुलीत.”

म्हणजे बघा. दुसऱ्या पोरींची शाळा नापास झाल्यावर सुटायची, माझी सापडल्यावर सुटणार होती.

जूनमध्ये मी एकटीच निघाले, पोरांना घरकाम नव्हतं, ती सडकेनं जायला लागली होती. नवी तार सगळीकडून घट्ट होती, फक्त अलीकडं आणि पलीकडं एकेका ओघळीत तारेखालून सरपटत जाण्याएवढी जागा राहिली होती. ती तीन वर्षं कुणी बुजवली नाही. सरकारी काम असंच असतं म्हणून मी हसायचे. आत शिरले की थोड्या वेळात मागून शिट्टी. गार्ड पळसाखालून उठलेला असायचा. “थांब, पोरी!” ओरडायचा आणि काठी उगारून मागं यायचा, खिंड चढून, खिंड उतरून, थेट पलीकडच्या तारेपर्यंत. मी जीव घेऊन पळायची. मला चूल दिसायची आणि चुलीत दप्तर. घंटा व्हायच्या आत मी वर्गात. धापा टाकणारी, कुसळांनी भरलेली. वर्गशिक्षकांना वाटायचं, काय ही शिक्षणाची तळमळ! दर वर्षी हजेरीचं बक्षीस मला मिळायचं. संध्याकाळी तेच उलट्या दिशेनं. मी शाळेतून निघून तारेत शिरले की हा हजर, पुन्हा मागून, आमच्या गावाच्या तारेपर्यंत.

उन्हाळा असो, थंडी असो, एक दिवस खंड नाही. एका श्रावणात तर तो एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात छत्री घेऊन माझ्या मागं पळाला. चोराच्या मागं छत्री घेऊन पळणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. मी त्याची भरपूर टर उडवली. स्नेहसंमेलनात पोटाला उशी बांधून, छत्री घेऊन त्याचं पळणं करून दाखवलं, पोरं हसून लोळली. गावात मी सांगत फिरायची, की तीन वर्षांत त्याला माझ्या सावलीलाही हात लावता आला नाही. हे ऐकून आमचे बाबासुद्धा मिशीत हसायचे. मला खरंच वाटायचं की मी जिल्ह्यातली सगळ्यात वेगवान पोरगी आहे.

दहावीत खेळाच्या सरांनी हे ऐकून मला तालुक्याच्या शर्यतीत उतरवलं. सपाट मैदान, आखलेली पट्टी. मी शेवटून दुसरी आले. माझ्या मागं होती ती पोरगी मध्येच पडली होती. सरांचा चेहरा बघवत नव्हता. मी म्हणाले, सर, मागं शिट्टी नव्हती म्हणून. आणि ते कारण मी स्वतःलाही वीस वर्षं देत राहिले.

मी शिकले, शिक्षिका झाले, जालन्यात आले. आणि मग डॉक्टरांचा तो दिवस उजाडला. मांडव तोच, शाळेपुढचाच. गाड्या भरून माणसं आली होती. रंगीत चड्ड्या, डोळ्यांवर काळे चष्मे, पाठीला पाण्याच्या पिशव्या, त्यांना नळी, म्हणजे पळता पळता वासरासारखं चोखत राहायचं. डॉक्टरांनी माइकवरून नियम सांगितले. पायवाट सोडायची नाही, फांदी मोडायची नाही, दगड उचलायचा नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हेच नियम आम्हाला काठीनं सांगितले होते, तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. तारेला आता छान फाटक होतं आणि त्यावर स्वागताची कमान. शाळा सुटलेल्या माझ्या पुढच्या त्या दोन पोरी कडेला उभ्या राहून बघत होत्या. दोघींना नातवंडं झाली होती.

डॉक्टर म्हणाले, खिंडीत फीत बांधायला आम्ही इथलाच एक जुना माणूस ठेवला आहे. मी काय ते ओळखलं. पळणाऱ्यांना सोडायच्या आधीच मी साडी खोचून वर निघाले.

तो प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला होता. केव्हाच रिटायर झालेला. सासरवाडी डोंगरापलीकडच्या गावची म्हणून इकडंच राहिलेला. धोतरावर डॉक्टरांनी दिलेला हिरवा बनियन, पोटावर ताणलेला. गळ्यात शिट्टी. मला बघून उठायला लागला, मॅडम म्हणाला. मी म्हणाले, मॅडम कसली मामा, टोपी चोरणारी मी. तेव्हा त्यानं मला नीट बघितलं आणि पहिलं काय विचारावं? टोपी आहे का अजून! मी म्हणाले, मायनं तिच्यात अंडी ठेवली. साहेबांनी त्याला त्या टोपीपायी किती बोल लावले ते त्यानं मला सविस्तर सांगितलं. मला फार बरं वाटलं.

खालून अजून कुणी येत नव्हतं. वीस वर्षं जे मनाच्या कोपऱ्यात टोचत होतं ते मी विचारून टाकलं. म्हणाले, मामा, मी काही एवढी पळणारी नव्हते. तुम्ही मला तीन वर्षांत एकदाही कसं धरलं नाही?

“धरायचं आसतं तर समोरून आलो नसतो का?” तो म्हणाला.

मला आधी कळलंच नाही. मग एकेक आठवायला लागलं. सकाळी मागून, संध्याकाळी मागून. कधीच समोरून नाही, कधीच आडवा नाही.

“खिंडीत तवा लांडगे हिंडून राह्यले होते,” तो म्हणाला. “एकटी पोर. संगं चाललो आसतो तर खात्यानं इचारलं आसतं, राखीव जागेत हिला घेऊन कुठं चालला म्हणून. मागं पळलं की ड्यूटी.”

मी तारेखालच्या जागेचं विचारलं. तो दुसरीकडं बघत सुपारी चघळत राहिला.

मला राग आला. खरं सांगते, आधी रागच आला. आयुष्यात एकच पराक्रम केला म्हणून मी मिरवत होते, वर्गावर्गात पोरींना सांगत होते, आणि या म्हाताऱ्यानं तो सुपारी चघळत काढून घेतला. मी त्याला म्हणाले, एवढंच होतं तर माझा विळा का घेतला? तो म्हणाला, ती नोकरी होती. म्हणाले, छत्री घेऊन पळताना मी तुमची नक्कल करायची, माहीत आहे? म्हणाला, माहीत आहे, त्याची मुलगी आजोळी राहून त्याच शाळेत शिकायची, ती त्या संमेलनाला बसली होती आणि तिनं घरी येऊन तीच नक्कल त्याला करून दाखवली. आणि तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तो पळसाखालून उठला होता. तेव्हा माझा राग गेला आणि डोळ्याला पदर लावायची वेळ आली. मी खोकला आल्यासारखं केलं.

खालून रंगीत चड्ड्या दिसायला लागल्या. त्यानं शिट्टी फुंकली, आणि माझे पाय, या वयात, साडी नेसलेले, आपोआप तारेकडं वळले. तो बघून हसला. हाडांचे डॉक्टर मनगट पुढं करून धापा टाकत म्हणाले, काय निसर्ग आहे, मॅडम! मी म्हणाले, हो ना.

शेवटचा माणूस फीत घेऊन गेल्यावर आम्हीही निघालो. भाषण व्हायचं होतं. मी पुढं झाले, तो काठी टेकत मागं. थोडं उतरल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी जुन्या सवयीनं भराभर चालतेय आणि तो मागून तेवढंच अंतर ठेवून येतोय. मी थांबले. त्या वाटेवर त्याच्यासाठी थांबायची माझी ती पहिलीच वेळ. तोही थांबला.

“या की मामा, बरोबर,” मी म्हणाले.

त्यानं आधी खाली फाटकाकडं बघितलं, मग मागं खिंडीकडं बघितलं, कुणी साहेब बघत नाही ना याची खात्री करून घेतली, आणि मग येऊन माझ्या शेजारून चालायला लागला.